तारखेला भेटणारी मैत्रीण

डोंबिवलीहून एका भगिनींचे सात पानी पत्र आले आहे. जागेअभावी त्यातील मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमची इमारत २८ वर्षांची आहे आणि आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. नऊ वर्षांपूर्वी बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमच्या छतावर ओल दिसू लागली आणि पुढे ती बेडरूमच्या भिंतीत उतरली. वरच्यांनी प्लंबरला आत येऊ दिले नाही. यजमानांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली, सूचना फलकावर वरच्यांच्या नावाने नोटीस लागली. त्यावर त्यांनी आमच्या खिडकीच्या ग्रिलची महापालिकेकडे तक्रार केली. सात वर्षांपूर्वी आम्ही सहकार न्यायालयात दावा लावला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या ताई आणि मी एकमेकींना कुंकू लावतो. 'तिळगूळ घ्या' म्हणतो, 'गोड बोला' म्हणत नाही.

दीड वर्षापूर्वी यजमानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे ठाण्याला तारखेला मी जाऊ लागले. वरचे घर त्या ताईंच्या नावावर असल्यामुळे त्याही येतात. पहिल्या दोन तारखांना आम्ही महिला डब्यात समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. तिसऱ्या तारखेला दोघींचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले. चार तास एकाच बाकावर काढल्यावर त्यांनी काही न बोलता थालीपिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला. आता तारीख नसली तरी आठवड्यातून एकदा आम्ही स्टेशनाजवळच्या भाजी मंडईत ठरवून भेटतो. प्लंबरला आत का घेतले नाही, तेही मागे त्यांच्या एका बोलण्यातून मला उमगले. त्या बाथरूमच्या बाजूच्या खोलीत त्यांच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

यजमानांना यातले काहीच माहीत नाही. 'ती बाई आली होती का?' असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा 'लांब बसली होती' असे मी सांगितले. यजमानांची एक वही आहे. वरचे लोक दिवाळीत गावी गेले की आठ-दहा दिवसांत छत सुकते, त्यांच्याकडे पाहुणे आले की पुन्हा थेंब पडतात, पावसाळ्याने फारसा फरक पडत नाही, अशा सगळ्या नोंदी त्यांनी तारीखवार ठेवल्या आहेत. वरच्या ताईंचा एक डबा माझ्याकडे राहिला आहे. त्यावर त्यांच्या घराचे नाव कोरलेले असल्यामुळे तो मी पोह्यांच्या डब्यामागे लपवला आहे. मी दावा मागे घेऊ का? घरी सांगू का? आणि ओलीचा विषय मी त्यांच्यापाशी काढला, तर ही मैत्री टिकेल का? दीड वर्षात आम्ही तो शब्दही उच्चारलेला नाही. मी ६३ वर्षांची आहे. या वयात नवी मैत्रीण सहजासहजी मिळत नाही."

प्रिय भगिनी,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. एका दाव्याच्या निमित्ताने तुम्ही दोघी दीड वर्ष एकत्र प्रवास केलात. या काळात सुना, गुडघे, भाजीचे भाव आणि गेलेली माणसे अशा सगळ्या विषयांवर तुमचे बोलणे झाले, पण ज्या कारणाने तुम्ही त्या गाडीत बसला होतात तेवढे एक कारण वगळले गेले. तुम्हाला वाटते की मैत्री टिकून आहे ती हा विषय निघाला नाही म्हणून. मला तुमच्या पत्रातून नेमके उलटे दिसते. हा विषय निघालेला नसल्यामुळेच डबा पोह्यांमागे गेला आहे आणि भेटायला मंडई गाठावी लागते आहे. एका जिन्याच्या अंतरावर राहणाऱ्या दोन बायका वीस मिनिटे चालत जाऊन भेटतात, यातच सगळे आले.

म्हणून विषय काढा, असे माझे स्पष्ट मत आहे.

"आता मैत्री झाली आहे, तर झाले गेले विसरून दावा मागे घ्या" असा सल्ला तुम्हाला कोणीही देईल आणि कदाचित माझ्याकडूनही तुम्ही त्याचीच अपेक्षा केली असेल. तो सल्ला मी देणार नाही. दावा मागे घेतल्याने पाणी थांबत नाही. तुम्ही रोज सकाळी त्याच छताखाली उभ्या राहणार, लोणा लागलेल्या भिंतीचे पोपडे झाडून काढणार आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणणार की हे मी तिच्यासाठी सोसते आहे. असे सोसणे वर्षभर चालले की त्याचा उपकार होतो, आणि ज्या मैत्रीत एकीच्या मनात उपकाराची नोंद आहे त्या मैत्रीत दुसरीला कधी ना कधी त्याचा वास येतोच. शिवाय हा प्रश्न रंग उडण्यापुरता नाही. झिरपणारे पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि आतून काँक्रीट सुटू लागते. माझे छत म्हणून तुम्ही जिच्याकडे पाहता तीच त्यांची जमीन आहे. नुकसान दोघींचे होते आहे, एकीला ते दिसते आणि दुसरीला दिसत नाही, एवढाच काय तो फरक आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे आपण जिला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतो ती, दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. तुमची इमारत २८ वर्षांची आहे. आज ना उद्या एखादा अभियंता हातात हातोडी घेऊन तुमच्या बाथरूमच्या छतावर ठोकून पाहणार आणि अहवालात दोन्ही घरांचे क्रमांक लिहिणार, हे नक्की. त्या दिवशी हा विषय समितीच्या बैठकीत सर्वांसमोर निघण्यापेक्षा आज तुम्ही दोघींनी काढलेला बरा.

आता यजमानांच्या वहीकडे वळतो. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख थोड्या वैतागाने केला आहे, पण मला विचाराल तर नऊ वर्षांच्या या भांडणात कोणी काही उपयोगाचे काम केले असेल तर ते त्या वहीने केले आहे. नोंदी नीट वाचा. पावसाळ्याने फरक पडत नसेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून येण्याची शक्यता कमी होते. पाहुणे आल्यावर थेंब वाढत असतील तर ओल वापराशी जोडलेली आहे, म्हणजे बाथरूमची लादी, तिच्या सांध्यांतील भरणा, खालचा कोबा (लादीखालचा भरीव थर) किंवा न्हाणी ट्रॅपचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड यांपैकी कुठेतरी वाट असावी. राहिला पाण्याच्या आतल्या नळीचा संशय. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचे उत्तर फक्त तुमच्या मैत्रिणीकडे आहे: दिवाळीत गावी जाताना त्या मुख्य कॉक बंद करून जातात का? बंद करून जात असतील तर नळी अजून संशयात राहते, कारण तिच्यात पाणीच नव्हते म्हणून छत सुकले असेल. कॉक उघडा ठेवूनही छत सुकत असेल तर नळी बहुधा निर्दोष आहे. मी अभियंता नाही आणि पाणी स्लॅबमध्ये आडवे कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वरच भोक असते असे मुळीच नाही. तरीही, सात वर्षांच्या दाव्याने जे ठरवले नाही त्याच्या निम्म्या वाटेवर हा एक साधा प्रश्न तुम्हाला नेतो, आणि दीड वर्ष शेजारी बसून तुम्ही तो विचारलेला नाही.

सासूबाईंच्या आजारपणाची गोष्ट मी दोनदा वाचली. फरशी फोडायची म्हणजे आठ-दहा दिवस ठोकाठोक, धूळ आणि बंद बाथरूम. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाच्या खोलीशेजारी ते कसे करणार होते? त्या वेळी कोणी दार वाजवून "अडचण काय आहे?" असे विचारले असते तर कदाचित उत्तर मिळाले असते. पण दार वाजण्याआधी फलकावर नाव लागले. हे मी तुमच्या यजमानांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः सहा वर्षे एका सोसायटीचा सचिव होतो आणि अशा नोटिसा मी माझ्या सहीने लावल्या आहेत. थकबाकीदारांची यादी लावावी तशा थंडपणे लावल्या आहेत. पिनेने कागद टोचताना त्या घरात काय चालले आहे याचा विचार मनात आला नव्हता, आणि एकदा नाव लागल्यावर ते माणूस पुढे आपली अडचण सांगायला येत नाही, हे मला फार उशिरा कळले. नाव वाचून खाली मान घालून जिना चढणारा माणूस वर जाऊन प्लंबरला फोन लावत नाही, तो वकिलाला लावतो.

मात्र एक गोष्ट तुम्हीही नीट पाहा. त्यांचे कारण खरे होते म्हणून तुमची ओल खोटी ठरत नाही. नऊ वर्षे तुम्ही कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवले आहे आणि त्यातल्या गाद्यांना कुबट वास येतो, असे पत्राच्या पाचव्या पानावर तुम्ही लिहिले आहे. त्यांनी एक चिठ्ठी पाठवली असती तरी दावा टळला असता. सासूबाईंना जाऊन तीन वर्षे झाली, तेव्हापासून तरी काम करता आले असते. ते का झाले नाही, याचा माझा अंदाज असा आहे की दावा चालू असताना दुरुस्ती केली तर चूक कबूल केल्यासारखे होईल, असे त्यांना कोणीतरी बजावले असावे. वकील असा सल्ला देतात आणि त्यांच्या जागी तो अगदीच चूक असतो असेही नाही. त्यामुळे विषय निघाल्यावर त्या गप्प झाल्या, तर लगेच "शेवटी हिचे खरे रूप दिसले" अशा निष्कर्षाला येऊ नका. त्या गप्प झाल्या असतील तर त्या वकिलाचे बोलणे आठवत असतील.

विषय काढायचा कसा? मंडईत नको, तिथे पिशव्या जड असतात आणि दोघींना पळवाट असते. पुढच्या तारखेला जाताना गाडीत काढा, पण परतताना नको, कारण परतताना त्या दिवशी कोर्टात काय झाले याचा चांगला-वाईट रंग बोलण्यावर चढलेला असतो. डोंबिवलीला बसायला मिळाले तर दिवा जाईपर्यंत गुडघ्यांची चौकशी करून घ्या, आणि मुंब्र्याच्या आत एवढेच म्हणा: "आपल्या दोघींच्या घरांमध्ये एकच स्लॅब आहे आणि तो खराब होतो आहे. चूक कोणाची ते कोर्ट बघेल. आधी आपण दोघी तो नीट पाहू या का?" यात आरोप नाही, माफी नाही आणि दाव्यातली कोणतीही बाजू सोडलेली नाही. त्याच बोलण्यात एक परवानगीही मागून घ्या. सासूबाईंच्या आजारपणाची गोष्ट त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून सांगितली आहे. ती तुमच्या यजमानांना सांगायची असेल तर आधी त्यांना विचारा. त्या "नको" म्हणाल्या तर ती तुमच्यापाशीच राहू द्या, मग दाव्यात तिचा कितीही उपयोग होणार असला तरी.

त्यांनी होकार दिला तर पुढची वाट फार अवघड नाही, फक्त ती कागदावर असली पाहिजे. कोणत्याही पक्षाच्या हक्कांना आणि दाव्यातील म्हणण्याला बाधा न येता पाहणी आणि दुरुस्ती करण्यास दोघांची हरकत नाही, अशा आशयाचे चार ओळींचे पत्र दोन्ही वकिलांकडून तपासून घ्या. "कबूल केल्यासारखे होईल" ही भीती त्याने जाते. मग दोघांना मान्य असा एकच तपासनीस आणा. तुमचा एक आणि त्यांचा एक आणलात तर दोन अहवाल होतील आणि तिसरी तारीख पडेल. न्हाणी ट्रॅपला बोळा मारून लादीवर दोन-तीन बोटे पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवायचे आणि खाली छताकडे लक्ष ठेवायचे, ही जुनी आणि स्वस्त चाचणी आहे. त्या पाण्यात रंग टाकला आणि तो खाली उतरला की शंकेला जागा उरत नाही. पाणी साठलेले असताना खाली काही दिसले नाही आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर दिसले, तर दोष लादीत नसून ट्रॅपच्या जोडात किंवा पुढच्या नळीत आहे. हे समजल्याशिवाय अख्खी फरशी उखडायला बसू नका. वॉटरप्रूफिंगचे पावडर-रसायन घेऊन येणारे लोक पहिल्या दिवशीच सगळे फोडायला सांगतात. त्यांचा धंदाच तो आहे.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण भांडणाचा दुसरा अंक तिथेच सुरू होतो. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळ्यांमधून होणारी गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. संडास, सिंक अशा घरांतर्गत गळतीचा खर्च कारण निश्चित करून संबंधित सदनिकाधारकांनी आपसात करायचा असतो. म्हणजे कारण ठरेपर्यंत पैशाचे बोलणे व्यर्थ आहे आणि कारण ठरल्यावर ते टाळणे चूक आहे. तुमच्या भिंतीचा गिलावा आणि रंग त्यात धरायचा की नाही, हेही त्याच बैठकीत बोला. "जाऊ दे, रंगाचे आम्ही बघतो" असे मोठ्या मनाने म्हणण्याचा मोह तुम्हाला होईल. म्हणायचे असेल तर यजमानांशी बोलून म्हणा, एकटीने म्हणू नका.

दावा मागे घेण्याचा विषय आता येतो, आणि तो आपोआप छोटा झाला आहे. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे दावाही तुम्हा दोघांचा आहे. यजमानांच्या पाठीमागे सही करण्याचा विचार मनातून काढून टाका. कायद्याच्या दृष्टीने ते अर्धवट ठरेल आणि घरात त्याचे जे होईल ते तुम्ही जाणताच. दुरुस्ती होऊन एक पाऊस आणि एक दिवाळी कोरडी गेली, की दोन्ही पक्षांच्या सह्यांचा तडजोडनामा दाखल करून त्याप्रमाणे निवाडा मागता येतो. संस्थाही प्रतिवादी असेल तर तिची सहीही लागेल. नुसता दावा काढून घेण्यापेक्षा हे बरे, कारण त्यात कोणी काय केले आणि पुन्हा गळती झाली तर काय करायचे, याची नोंद राहते. लोकअदालतीची वाट आहेच, तुमचे वकील ती सांगतील. समितीला मात्र तोपर्यंत काही कळवू नका. आपल्याकडे २००७ साली खेड्यांसाठी तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि गावोगावी समित्या बसल्या, पण शहरातल्या इमारतींत तंटा मिटवणाऱ्यापेक्षा त्याची बातमी जिन्याने वरखाली नेणारेच अधिक भेटतात. मी सचिव होतो, म्हणून सांगतो.

आता घरचा प्रश्न. तुम्ही विचारता, "घरी सांगू का?" सांगायचे तर आहेच, पण काय सांगायचे याचा तुम्ही थोडा गोंधळ केला आहे. कोणाशी मैत्री करायची याची परवानगी ६३ व्या वर्षी तुम्हाला मागायची नाही आणि मैत्रीची कबुलीही द्यायची नाही, तो अपराध नव्हे. दुरुस्त करायचे आहे ते फक्त एक वाक्य. "लांब बसली होती" हे खोटे होते. ते एवढेसे आहे म्हणून तुम्ही त्यावरून पुढे गेलात, आणि पत्रात मात्र ते तुम्ही दोनदा लिहिले आहे. तिथूनच सुरुवात करा: "त्या दिवशी मी तुम्हाला खरे सांगितले नाही. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो." बाकी सगळे त्यामागून येईल.

ते चिडतील. नऊ वर्षांचा राग आहे, तो एका चहाच्या कपात विरघळणार नाही. पण ते कशावर चिडतील याचा विचार करा. वरच्या बाईवरचा राग जुना आहे, त्याची त्यांना सवय आहे. दुखावले जातील ते वेगळ्या कारणाने. निवृत्तीनंतर त्या माणसाने या दाव्याला नोकरीसारखे सांभाळले आहे: फोटो, तारखा, पोचपावत्या, पानापानावर शिक्के. गुडघा दुखावल्यामुळे ते काम नाइलाजाने तुमच्याकडे आले, आणि त्यांना वाटेल की त्यांच्या खुर्चीवर बसून तुम्ही समोरच्या बाजूशी हातमिळवणी केलीत. हे खरे नाही, पण त्यांना तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून त्यांच्याकडून दावा काढून घेण्याच्या सुरात बोलू नका. वही मागा. त्यांच्या नोंदींवरून पाणी वापराबरोबर वाढते असे दिसते, कॉकचा प्रश्न विचारायचा राहिला आहे आणि चाचणीच्या वेळी दोन दिवस छताखाली बसून दर तासाला नोंद करायला विश्वासू माणूस हवा आहे, हे त्यांना सांगा. त्या कामाला तुमच्या इमारतीत त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. नऊ वर्षांच्या नोंदी अखेर कोणीतरी वाचल्या, याचे समाधान निवाड्याच्या समाधानापेक्षा कमी असेल असे मला वाटत नाही.

ते साफ नाही म्हणाले तर? तर दावा चालू राहील, तारखा पडत राहतील आणि तुम्ही दोघी उघडपणे एका गाडीने जाल आणि एका बाकावर बसाल. आपापल्या वकिलामार्फत भांडत असताना एकमेकींचे लोणचे खाण्यास कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही. मैत्रीण नाही म्हणाली तर? तर तुम्हाला वाईट वाटेल आणि ते काही दिवस राहील. पण एकमेकींच्या छताबद्दल बोलल्याने जी मैत्री मोडते ती पहिल्या संरचनात्मक तपासणीच्या दिवशी मोडलीच असती, आणि त्या दिवशी ती सर्वांसमोर मोडली असती. तुमच्या पत्रावरून मला तसे होईल असे वाटत नाही. बोलणे बंद असलेल्या माणसापुढे ज्या बाईने स्वतःहून डबा सरकवला, तिने पहिले पाऊल टाकून दीड वर्ष झाले आहे. आता पाळी तुमची आहे.

तपासणीच्या दिवशी एक गोष्ट आवर्जून करा. त्यांना खाली तुमच्या घरी बोलवा आणि तुम्ही वर जा. सात वर्षांत त्यांनी तुमचे छत फक्त न्यायालयात दाखल केलेल्या फोटोंत पाहिले आहे आणि त्यांची ती खोली तुम्ही कधी पाहिलेलीच नाही. दोन्ही घरांचा आराखडा एकच आहे, बाथरूमचे दार त्याच जागी, खिडकी त्याच जागी. तुमचे पुढे ओढलेले कपाट जिथे उभे आहे, बहुधा त्याच जागी वर सासूबाईंचा पलंग होता. ते तुम्ही दोघींनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.

राहिला तो डबा. पोह्यांमागून तो आजच काढा, धुवून ओट्यावर ठेवा, नाव कोरलेली बाजू स्वयंपाकघराच्या दाराकडे असू द्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तेव्हा त्यात काय भरायचे ते तुम्ही ठरवालच. यजमान पाणी प्यायला येतील आणि नाव वाचतील. "हा आपल्याकडे कसा?" असे त्यांनी विचारले की त्या बाकापासून सांगायला सुरुवात करा.